‘पहिल्या नराला मादी कुठून मिळाली?’ या प्रश्नाची उकल कशी करावी

उत्क्रांतीचा विषय निघाला की कधी ना कधी एक प्रश्न हमखास पुढे येतो. डोळा हळूहळू घडला, पंख हळूहळू घडले, हे एक वेळ मान्य करू. पण पहिला नर जेव्हा निर्माण झाला तेव्हा नेमक्या त्याच काळी, त्याच ठिकाणी आणि त्याला जुळेल अशा अवयवांची मादी कशी काय हजर होती? दोघांपैकी एक जरी पिढीभर उशिरा आले असते तरी वंश तिथेच खुंटला असता. म्हणजे दोघांना एकाच वेळी कोणीतरी घडवले असले पाहिजे, असा निष्कर्ष विचारणारा काढतो. अमेरिकेतील निर्मितीवादी, म्हणजे सजीवांना देवाने थेट घडवले असे मानणाऱ्यांच्या, प्रचारात हा युक्तिवाद वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्या देशात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. उत्क्रांतीबरोबर ‘निर्मितीविज्ञान’ही शिकवलेच पाहिजे असा लुइझियाना राज्याचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरवला, आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात ‘बुद्धिमान रचना’ या नव्या नावाने आलेल्या मांडणीलाही विज्ञानाच्या वर्गात जागा मिळाली नाही. आपल्याकडे जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे म्हटले, कारण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. तेव्हा देशातील तीन विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून उत्तर द्यावे लागले.

नर-मादीचा प्रश्न ‘कोणी पाहिले?’ या आक्षेपापेक्षा बराच चांगला आहे. तो खरोखर विचार करायला लावतो आणि म्हणूनच त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य नाही. वर्गात विद्यार्थ्याने तो विचारल्यास शिक्षकाने, व्याख्यानानंतर श्रोत्याने विचारल्यास वक्त्याने, किंवा घरात काकांनी जेवताना विचारल्यास पुतण्याने काय क्रमाने उत्तर द्यावे, हे पुढे मांडले आहे. दहावीच्या पुस्तकातील गुणसूत्रे, युग्मक आणि पेशीविभाजन एवढी ओळख असली तरी पुरेल.

प्रश्न आधी फोडावा

उत्तर देण्याची घाई करू नये. समोरच्या व्यक्तीने एक प्रश्न विचारला असे वाटते. प्रत्यक्षात त्यात चार प्रश्न एकात एक गुंतलेले असतात. दोन पेशींनी एकत्र येऊन आपला जनुकीय वारसा मिसळणे, आणि पुढे गुणसूत्रांची संख्या पुन्हा निम्मी करणे, ही पद्धत कशी सुरू झाली, हा पहिला प्रश्न. एकत्र येणाऱ्या पेशींपैकी एक मोठी आणि एक लहान, म्हणजे अंडपेशी आणि शुक्रपेशी, अशी विभागणी कशी झाली, हा दुसरा. या दोन प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या शरीरांत का तयार होऊ लागल्या, म्हणजे स्वतंत्र नर आणि स्वतंत्र मादी कधी आल्या, हा तिसरा. आणि एवढा खर्च असूनही ही पद्धत टिकून का राहिली, हा चौथा.

निर्मितीवादी मांडणीत एक हातचलाखी होते, बहुधा नकळत. प्रश्न तिसरा विचारला जातो, पण तो पहिलाच आहे असे गृहीत धरले जाते; आणि पुराव्यादाखल जीवशास्त्रज्ञांची जी वाक्ये दिली जातात ती चौथ्या प्रश्नाविषयीची असतात. हे चार धागे कागदावर वेगळे लिहून दाखवले की निम्मे काम होते.

त्यानंतर एक साधा प्रतिप्रश्न करावा: नर म्हणजे नेमके काय? उत्तरात बहुधा दाढी, आयाळ, शिंगे किंवा जननेंद्रिये येतात. जीवशास्त्रातील व्याख्या मात्र यांपैकी कशावरही उभी नाही. जो लहान युग्मक तयार करतो तो नर आणि जो मोठा युग्मक तयार करतो ती मादी, एवढीच ती व्याख्या आहे. समुद्री घोड्याच्या नराच्या पोटावरील पिशवीत पिल्ले वाढतात, तरीही तो नरच ठरतो, कारण त्याच्या पेशी लहान आहेत. ही व्याख्या मान्य झाली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: दोन्ही युग्मक एकाच आकाराचे असतील तर तिथे नर कोण आणि मादी कोण? कोणीच नाही. आणि असे जीव आजही भरपूर आहेत.

याच टप्प्यावर ‘पहिला’ या शब्दाचाही हिशेब करून टाकावा. उत्क्रांती एकट्यादुकट्या प्राण्यात घडत नाही, ती समूहात घडते. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटी मराठी बोलणारे मूल एका रात्रीत जन्माला आले आणि मग बोलायला दुसरा मराठी माणूस शोधत फिरले, असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक पिढीला आपल्या आजी-आजोबांचे बोलणे समजतच होते. एकत्र प्रजनन करणाऱ्या समूहातही तसेच असते. बदल झालेली पेशी उरलेल्यांशी अजून जुळत असते, म्हणूनच तिचा बदल पुढे पसरू शकतो.

क्लॅमिडोमोनासपासून सुरुवात करावी

आता पहिल्या प्रश्नाकडे वळावे, आणि त्यासाठी सिंह-सिंहीण किंवा मोर-लांडोर यांची उदाहरणे पूर्ण बाजूला ठेवून साचलेल्या हिरव्या पाण्याकडे यावे. क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवे शैवाल आहे. त्याची पेशी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते आणि पुढच्या टोकाला असलेल्या दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक तंतू, हलवत ती पोहते. अन्न भरपूर असताना ही पेशी केवळ विभागत राहते. एकीच्या दोन, दोनीच्या चार, सगळ्या हुबेहूब सारख्या. पाण्यातील नायट्रोजन संपू लागला की मात्र तिचे वागणे बदलते. पेशी युग्मक बनतात. त्यांचे दोन प्रकार असतात आणि त्यांना अधिक व उणे अशी रूक्ष नावे आहेत, कारण दुसरी कोणतीही नावे देण्यासारखा फरक त्यांच्यात नाही: आकार तोच, कशाभिका त्याच, पोहणे तेच. अधिक पेशीच्या कशाभिका उणे पेशीच्या कशाभिकांना चिकटतात, दोन्ही पेशी एकजीव होतात आणि तयार झालेला युग्मनज भोवती जाड कवच तयार करून स्वस्थ बसतो. पाणी आटले, थंडी पडली, तरी तो तग धरतो. परिस्थिती सुधारली की त्याच्यात अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, होते आणि साधारणतः चार पेशी बाहेर पडतात, ज्यांच्यात दोन्ही जनकांची जनुके नव्याने पिसलेली असतात.

हे सगळे लैंगिक प्रजननच आहे. त्यात युग्मक आहेत, मीलन आहे, युग्मनज आहे, गुणसूत्रांची अदलाबदल आहे. नाहीत फक्त नर आणि मादी. म्हणजे ‘पहिल्या नराला मादी कुठून मिळाली’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, लैंगिक प्रजनन नर आणि मादी या दोहोंहून जुने आहे. नर घडला तेव्हा त्याच्याशी संयोग करणारी पेशी आधीपासून तिथे होतीच, कारण तो स्वतः अशाच संयोग करणाऱ्या पेशींच्या वंशातून घडला होता.

यावर अभ्यासू प्रतिपक्षी म्हणेल की अधिक आणि उणे हे नर-मादीचेच दुसरे नाव झाले. हा आक्षेप झटकून टाकू नये. त्याला दोन उदाहरणे द्यावीत. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही असेच दोन प्रकार आहेत, पण तिथल्या अनेक जातींतील पेशी विभाजनानंतर आपला प्रकार चक्क बदलते, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून दोन्ही प्रकार निर्माण होऊन ते आपसांत मिळू शकतात. ‘दोघे एकाच वेळी, एकाच जागी कसे?’ या प्रश्नाला तिथे काही अर्थच उरत नाही. दुसरे उदाहरण कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या शिझोफायलम या बुरशीचे. तिच्यात संयोगाचे प्रकार दोन नसून २३,००० हून अधिक आहेत. त्यांना नर-मादी म्हणायचे ठरवले तर व्याकरणात इतकी लिंगे कुठून आणायची हा वेगळाच प्रश्न पडेल.

लहान-मोठ्याचा हिशेब

दुसऱ्या प्रश्नासाठी क्लॅमिडोमोनासच्या भावकीतच राहणे सोयीचे आहे. त्याच्या नात्यातील गोनियम या शैवालात आठ किंवा सोळा पेशींची सपाट वसाहत असते आणि युग्मक सारख्याच आकाराचे असतात. युडोरिनात वसाहत मोठी आणि गोलाकार होते व युग्मकांत लहान-मोठा असा फरक स्पष्ट दिसू लागतो. व्हॉलव्हॉक्समध्ये शेकडो किंवा हजारो पेशींचा पोकळ गोळा असतो आणि तिथे न हलणारी मोठी अंडपेशी व पोहणाऱ्या लहान शुक्रपेशी असतात. क्लॅमिडोमोनासमध्ये पेशी उणे प्रकारची आहे हे ठरवणारे ‘मिड’ नावाचे एक जनुक १९९७ मध्ये सापडले. त्याच जनुकाचे भाईबंद २००६ मध्ये जपानी संशोधकांना प्लिओडोरिना या शैवालाच्या फक्त नरांत आढळले. पुढे २०१४ मध्ये व्हॉलव्हॉक्सच्या मादीत हे जनुक घातले तेव्हा अंडपेशी व्हायच्या त्या जागी शुक्रपेशींचे पुंजके तयार झाले, आणि नरातील हे जनुक दाबून टाकल्यावर त्याच्यात अंडपेशी झाल्या. उणे प्रकार ठरवणारा जुना खटका पुढे नर ठरवू लागला, हे इतक्या थेटपणे दिसणारे दुसरे उदाहरण शोधून मिळणे कठीण आहे.

इथे उत्क्रांतीच्या समर्थकांनाही एक इशारा देणे भाग आहे, कारण ही चूक उत्साहाच्या भरात फार वेळा होते. गोनियम, युडोरिना आणि व्हॉलव्हॉक्स हे आजचे जीव आहेत. ते कोणाचेही पूर्वज नाहीत, आणि आपले तर मुळीच नाहीत. या शैवालांतील बहुपेशीयता लैंगिक प्रजननाच्या उगमाच्या मानाने फार अलीकडची आहे. त्यामुळे ‘हा पाहा इतिहास’ असे म्हणू नये. ‘असा रस्ता असू शकतो, आणि एका कुळाने तो चालून दाखवला आहे’ एवढेच म्हणावे. निर्मितीवाद्याचा दावा असा रस्ता असूच शकत नाही असा असल्याने, त्याला उत्तर म्हणून एवढे पुरते.

रस्ता का धरला जातो, याचे गणित जेफ पार्कर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडले. त्याचा गाभा फळ्यावर सहज समजावता येतो. समजा प्रत्येक जीवाकडे युग्मक तयार करण्यासाठी ठरावीक साठा आहे. त्या साठ्यातून शंभर मध्यम युग्मक होतील, किंवा हजार लहान, किंवा दहा मोठे. लहान युग्मकांचा फायदा संख्येचा, कारण ते जास्त जोडीदारांपर्यंत पोचतात. मोठ्यांचा फायदा शिधोरीचा, कारण त्यांच्यापासून झालेला युग्मनज जगण्याची शक्यता जास्त असते. मध्यम आकाराचे युग्मक संख्येत लहानांकडून हरतात आणि शिधोरीत मोठ्यांकडून. युग्मनजाच्या जगण्यात आकाराला पुरेसे महत्त्व असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या मधले गळत जातात आणि दोन टोके उरतात. यात नर आधी की मादी आधी असा पेचच येत नाही. दोघे एकाच प्रक्रियेची दोन टोके म्हणून एकत्रच वेगळे होत जातात.

एका शरीरातून दोन शरीरे

तिसरा प्रश्न सर्वांत सोपा आहे, आणि गंमत अशी की प्रश्न विचारणाऱ्याला तोच सर्वांत अवघड वाटत असतो. परसातील झाडे दाखवावीत. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. दुधी भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी येतात. पपईची नर झाडे वेगळी, मादी झाडे वेगळी, आणि शिवाय उभयलिंगी झाडेही असतात. पपईची बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही; फुले आली की परागीभवनापुरती काही नर झाडे ठेवून बाकीची तो काढून टाकतो. नर झाडाला हवामानानुसार कधी कधी फळ धरते, हेही त्याने पाहिलेले असते. पपईतील नरत्व ठरवणारे गुणसूत्र अजून अगदी प्राथमिक अवस्थेत आहे, ते आपल्या जोडीदार गुणसूत्रापासून बऱ्याच अंशी वेगळे झालेलेच नाही, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. गांडूळ आणि गोगलगाय दोन्ही अवयव एकाच शरीरात बाळगतात. म्हणजे एकत्र असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या शरीरांत वाटल्या जाणे, एवढाच हा टप्पा आहे.

प्राण्यांकडे यायचे तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा किनारा आठवावा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. या अंड्यातून नर निघणार की मादी हे गुणसूत्र ठरवत नाही, वाळूचे तापमान ठरवते; सुमारे २९–३० अंश सेल्सिअसच्या आसपासची सीमा ओलांडून वाळू तापली की माद्या अधिक होतात. एकाच अंड्यात दोन्ही शक्यता असल्याशिवाय हे घडणार नाही. माणसातही फार वेगळे नाही. गर्भाच्या पहिल्या सुमारे सहा आठवड्यांत जननग्रंथी दोन्हीपैकी काहीही होऊ शकेल अशी असते, आणि नर व मादी या दोहोंच्या नलिकांची प्राथमिक रूपे प्रत्येक गर्भात तयार होतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक १९९० मध्ये ओळखले गेले, आणि पुढच्याच वर्षी ते एक्स-एक्स उंदराच्या भ्रूणात घातल्यावर तो नर म्हणून वाढला.

दोन स्वतंत्र यंत्रे दोन कारखान्यांत बनली आणि मग त्यांचे दाते एकमेकांत योगायोगाने बसले, असे चित्र प्रश्नकर्त्याच्या मनात असते. प्रत्यक्षात आराखडा एकच आहे आणि तो दोघांच्याही प्रत्येक पेशीत जवळजवळ पूर्ण आहे. मुलगा आणि मुलगी यांचे आईबाप तेच असतात. नराच्या अवयवात घडलेल्या बदलाची जनुके त्याच्या मुलींतूनही पुढे जातात. दोघे एकमेकांना जुळणारे का, याचे उत्तर तिथे आहे.

अर्धगुणसूत्री विभाजनाचा कठीण प्रश्न

इथवर आल्यावर तयारीचा प्रतिपक्षी आपला युक्तिवाद सुधारून घेतो, आणि तसे करण्याचा त्याला हक्क आहे. ठीक, नर-मादी नंतर आले; पण संयोग आणि अर्धगुणसूत्री विभाजन यांपैकी एकही दुसऱ्याशिवाय चालत नाही. नुसता संयोग होत राहिला तर गुणसूत्रे दर पिढीला दुप्पट होतील, आणि नुसते अर्धगुणसूत्री विभाजन होत राहिले तर ती संपून जातील. ‘बुद्धिमान रचने’चे समर्थक मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये रूढ केलेली ‘न घटवता येणाऱ्या गुंतागुंतीची’ कल्पना इथे लावली जाते: एक भाग काढला तरी सगळे यंत्र बंद पडत असेल, तर ते टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही. हा खरा कठीण प्रश्न आहे आणि त्यावर अधिक वेळ द्यावा.

अर्धे साधन निरुपयोगी असते हे गृहीतक आधी तपासावे. तोंडात पांढरा थर आणणारी कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी संयोग करते, पण तिच्यात अर्धगुणसूत्री विभाजन होताना दिसलेले नाही. दोन पेशी एकत्र येतात, गुणसूत्रे दुप्पट होतात, आणि नंतरच्या साध्या विभाजनांत जादा गुणसूत्रे एकेक करून गळत जातात व संख्या मूळ पदावर येते. पद्धत ओबडधोबड आहे, पण जनुकांची नवी मिसळण तिच्यातूनही निघते. कॅन्डिडाच्या पूर्वजांकडे संपूर्ण चक्र होते आणि ती त्यातले काही गमावून बसली आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे. मुद्दा एवढाच की अर्ध्या साधनावरही काम भागते.

मग सुटे भाग कुठून आले हे पाहावे. अर्धगुणसूत्री विभाजनाची सुरुवात स्पो११ नावाचे प्रथिन डीएनएची साखळी मुद्दाम तोडून करते. हे प्रथिन आर्किया या केंद्रक नसलेल्या सूक्ष्मजीवांतील, डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या एका विकराचे नातेवाईक आहे, हे १९९७ मध्ये दिसून आले. तुटलेले टोक सजातीय गुणसूत्रात नेऊन जुळवणारी प्रथिने जीवाणूंमधील रेकए या दुरुस्तीच्या प्रथिनाच्या कुळातील आहेत. जीवाणूंना लिंग नाही, पण तुटलेला डीएनए दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करण्याची गरज त्यांनाही असते. पेशींची पटले एकमेकांत मिसळणारे हॅप२ हे प्रथिन वनस्पती, क्लॅमिडोमोनास, हिवतापाचा परजीवी आणि अनेक प्राणी यांच्यात आढळते. २०१७ मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा ती डेंग्यूसारखे काही विषाणू पेशीत शिरताना वापरतात त्या प्रथिनांच्या घडणीची निघाली. विषाणूकडून ते पेशीला मिळाले की पेशीकडून विषाणूला, यावर अजून वाद चालू आहे. अर्धगुणसूत्री विभाजनाचे उरलेले बरेचसे सामान साध्या सूत्री विभाजनाचेच आहे. थोडक्यात, नवे यंत्र जुन्या दुरुस्तीच्या पेटीतील हत्यारांनी बांधलेले आहे.

हे भाग नेमक्या कोणत्या क्रमाने एकत्र आले हे मात्र ठरलेले नाही, आणि ते तसेच सांगावे. ‘विज्ञानाने सर्व सिद्ध केले आहे’ असे बोलून जो वक्ता टाळ्या घेतो तो पुढच्याच प्रश्नाला अडखळतो. काळाबद्दल मात्र बऱ्याच ठामपणे बोलता येते. उत्तर कॅनडातील सॉमरसेट बेटावर सापडलेल्या बँगिओमॉर्फा या लाल शैवालाच्या जीवाश्मांत वेगवेगळ्या प्रकारच्या प्रजननपेशी दिसतात असे निकोलस बटरफील्ड यांनी २००० मध्ये दाखवले. त्या खडकांचे वय आधी सुमारे १२० कोटी वर्षे धरले जात होते. नव्या मोजणीनुसार ते सुमारे १०५ कोटी वर्षे आहे. शिवाय दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या, जीवांच्या जवळजवळ सर्व मोठ्या शाखांत अर्धगुणसूत्री विभाजनाची जनुके आढळतात. लिंगहीन समजल्या जाणाऱ्या जिआर्डिया या आतड्यातील परजीवीतही ती २००५ मध्ये सापडली. त्यावरून या सर्वांच्या सामायिक पूर्वजाकडे ही पद्धत आधीच होती असे अनुमान निघते. ती एकदाच घडली आणि पुढे वाटली गेली. प्रत्येक प्राण्यात नव्याने जुळवावी लागली नाही.

अवतरणे समोर आली तर

या वादात कधी तरी एखादे अवतरण पुढे ठेवले जातेच. डार्विनने १८६२ मध्ये लिहिले होते की लैंगिकतेचे अंतिम कारण आपल्याला जराही माहीत नाही आणि हा सारा विषय अजून अंधारात आहे. जीवशास्त्रज्ञ ग्रॅहम बेल यांनी १९८२ मध्ये लैंगिक प्रजननाला उत्क्रांतिशास्त्रातील समस्यांची राणी म्हटले. दोन्ही विधाने खरी आहेत आणि ती नाकारू नयेत. फक्त विचारावे की हे चारांपैकी कोणत्या प्रश्नाविषयी आहे. दोघेही चौथ्या प्रश्नाविषयी बोलत आहेत: ही पद्धत का आहे आणि का टिकते.

तो प्रश्न खरोखर टोकदार आहे. पिकावरील मावा उन्हाळ्यात नराशिवाय पिल्ले घालतो आणि ती सगळी मादीच असतात. समजा प्रत्येक मादीला चारच पिल्ले होतात. नराशिवाय चालणाऱ्या वंशात चारही पिल्ले पुढे पिल्ले घालतील. नर-मादीच्या वंशात दोनच घालतील, कारण दोन नर असतील. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात हा दुप्पट खर्च स्पष्ट केला. मग नर परवडतात कसे? हर्मन मुलर यांनी १९६४ मध्ये दाखवले की नुसत्या प्रती काढत राहिल्यास घातक उत्परिवर्तने साचत जातात आणि मागे फिरता येत नाही. दुसरे उत्तर परजीवींचे: एकसारख्या यजमानांचे कुलूप परजीवीला एकदा उघडता आले की सगळेच सापडतात. न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यातील एका गोगलगायीच्या जातीत लैंगिक आणि अलैंगिक दोन्ही प्रकार आहेत, आणि परजीवी जास्त असलेल्या ठिकाणी लैंगिक प्रकार जास्त आढळतो, हे कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ मध्ये नोंदवले. यीस्टवरील २०१६ मधील प्रयोगात लैंगिक समूह अलैंगिक समूहांपेक्षा वेगाने जुळवून घेताना दिसले, कारण त्यांना चांगले उत्परिवर्तन वाईटाच्या संगतीतून सोडवता येत होते. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ भांडतात, आणि ते भांडण चालू आहे.

पण एक गोष्ट या भांडणात विसरली जाते, आणि मला ती या सबंध विषयातील कळीची वाटते. दुप्पट खर्च हा नरांचा खर्च आहे. नर शिधोरी देत नाही म्हणून तो महाग पडतो. क्लॅमिडोमोनाससारख्या, सम आकाराच्या युग्मकांच्या जगात दोन्ही जनक सारखीच भर घालतात, म्हणून तिथे हा दुप्पट खर्च लागूच होत नाही. जोडीदार शोधण्याचा वेळ आणि जनुकांची जमलेली चांगली जुळणी मोडण्याचा धोका एवढेच काय ते उरते. म्हणजे ‘इतका महाग प्रकार मुळात सुरूच कसा झाला?’ हा आक्षेप नंतरच्या काळाचे बिल आधीच्या काळाच्या खात्यावर मांडतो.

बचाव बराच झाला की एक प्रश्न आपणही विचारावा, उपहास न करता. अमेरिकेच्या नैऋत्य भागात व्हिपटेल सरड्यांची एक जात आहे, जिच्यात फक्त माद्या आहेत आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. तरीही एक मादी दुसरीवर नरासारखी चढते, आणि प्रयोगशाळेत असे झाल्यावर त्या अधिक अंडी घालतात असे आढळले आहे. लैंगिक जातींच्या संकरातून ही जात निघाली असेल तर हे वागणे मागच्या घराची सवय म्हणून समजते. ती जशी आहे तशीच नराविना घडवली गेली असेल तर या चढण्याचे प्रयोजन काय, हे प्रश्नकर्त्याला त्याच्या सवडीने सांगू द्यावे.

थेंबभर पाणी

शाळेत किंवा विज्ञान मंडळात हा विषय घ्यायचा असेल तर शेवटी सूक्ष्मदर्शक मांडावा. पावसाळ्यात साचलेल्या हिरव्या डबक्यातील पाणी रुंद तोंडाच्या बाटलीत आणून उजेडाच्या खिडकीत ठेवावे. पोहणारी शैवाले उजेडाच्या बाजूला गोळा होतात, तिथून थेंब घ्यावा. चारशेपट विशालनावर हिरवे ठिपके पळताना दिसतील. कशाभिका पाहायच्या असतील तर काचपट्टीवर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब सोडून प्रकाश कमी करावा. संयोग नक्की दाखवायचा असेल तर दोन्ही प्रकारांची शुद्ध वाणे आणि नायट्रोजन नसलेले द्रावण लागते, ते डबक्यातील पाण्यात मागू नये. नशिबाने एखादी चार कशाभिकांची पेशी दिसली, तर ती नुकत्याच एकजीव झालेल्या दोन पेशींची असू शकते, कारण संयोगानंतर युग्मनज काही काळ चारही कशाभिकांनी पोहत राहतो. मात्र मुलांना बोलावण्याआधी दोनदा पाहावे: कार्टेरिया या जवळच्या शैवालाला मुळातच चार कशाभिका असतात, आणि तसल्या पेशी थेंबात पुष्कळ दिसत असतील तर ती कार्टेरियाच समजावी.